चेहरा जुना, कारभार नवा

स्वयंपाकघरातला ओटा बदलला तरी मिसळणाचा डबा आपण जुन्याच जागी ठेवतो. शेगडीच्या उजव्या हाताला मीठ, वरच्या फळीवर चहा-साखर, खाली तेलाची किटली. दिवे गेले तरी हात बरोबर तिथेच जातो. घरातल्या कॉम्प्युटरचंही असंच असतं. पण ते आपल्या ध्यानात येतं तो बदलायची वेळ आल्यावरच.

ही वेळ २०२५ साली आपल्यापैकी पुष्कळजणींवर आली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ या दिवसापासून ‘विंडोज १०’ची नेहमीची डागडुजी थांबवली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेपुरती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत दिली, एवढंच. त्या दिवशी कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही. पण कुलूप नादुरुस्त झालेल्या घरात राहायचं, तशातली ही गत. बरं, ‘विंडोज ११’ घालावं, तर त्याला ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी हप्त्यांनी घेतलेले आपले लॅपटॉप त्या मापात बसत नाहीत.

माझं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं. दौंडच्या घरी जो लॅपटॉप आहे तो आई वापरते. तिच्या बचत गटाचे सगळे हिशेब त्यात आहेत: कोणाची बचत किती, कोणाला कर्ज दिलं, हप्ता आला की राहिला, व्याज किती झालं. गटातल्या बायकांच्या पैशांचा प्रश्न आहे, त्यामुळे आई त्या फायलीला देव्हाऱ्यासारखी जपते. लॅपटॉप दाखवायला नेला तेव्हा एका दुकानदाराने तो धड उघडूनही न बघता, “भंगारात द्या आणि नवा घ्या” असं सांगून टाकलं. आई म्हणाली, “अगं, चालतोय की चांगला! पाटा झिजला तर टाकी लावून घेतो आपण, फेकून नाही देत.”

यावर एक उपाय आहे. विंडोजच्या जागी ‘लिनक्स’ ही दुसरी कार्यप्रणाली घालायची. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि तिची डागडुजी नियमित होत राहते. खरी अडचण ही नव्हतीच. अडचण होती आईच्या हाताची. वीस वर्षांपूर्वी तिने एम.एस.-सी.आय.टी.चा कोर्स केला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा, म्हणजे ‘एम.के.सी.एल.’चा हा कोर्स २००१ साली सुरू झाला आणि गावोगावच्या बायकांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो त्याच्याच वर्गात. तिथे शिकवलं ते विंडोज. त्यामुळे खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’, उजव्या कोपऱ्यात घड्याळ, खिडकी बंद करायची फुली वर उजवीकडे, हे आपल्या बोटांत मुरलेलं आहे. आपण वाचून चालवत नाही, सवयीने चालवतो. साठी उलटलेल्या बाईपुढे अचानक परकी पाटी आली तर ती दोन दिवस धडपडेल आणि तिसऱ्या दिवशी वही-पेन घेऊन बसेल. मग हिशेब कोणा तरुण मुलाच्या हाती जाणार, आणि बायकांच्या गटाचा कारभार बायकांच्या हातून हळूच सुटणार. मला भीती होती ती याची.

म्हणून ठरवलं, की आतला कारभार बदलायचा, पण चेहरा मात्र जुना ठेवायचा. थोरल्या भावाचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला तेव्हा त्याला बसवलं आणि मी शेजारी वही घेऊन बसले. बी.ए. झालेल्या बाईला हे जमणारं नाही, असं कोणी समजू नये; यातलं निम्मंअधिक काम म्हणजे घर लावणंच आहे.

सगळ्यात आधी एक शहाणपण केलं. लॅपटॉपमधली जुनी हार्डडिस्क काढून ठेवली आणि तिच्या जागी नवी ‘एसएसडी’ बसवून घेतली. खर्च काय तो तेवढाच. याने दोन कामं होतात: यंत्राचा वेग वाढतो, आणि जुना संसार जसाच्या तसा बाजूला सुरक्षित राहतो. शिवाय फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर, हे सांगायला नकोच.

लिनक्सची घराणी पुष्कळ. आम्ही ‘लिनक्स मिंट’ घेतलं. ते २००६ पासून निघतं, आणि त्याची ‘सिनॅमन’ नावाची आवृत्ती (हो, दालचिनीच!) मुळातच विंडोजच्या वळणाची आहे. पट्टी खाली, मेनू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडे. चार जीबी मेमरी असली की बरं चालतं. त्याहून म्हातारं यंत्र असेल तर ‘एक्सएफसीई’ नावाची हलकी आवृत्ती आहे. दुसरं नाव ‘झोरिन’. आयर्लंडमधल्या दोन भावांनी २००९ मध्ये आणलेलं हे लिनक्स विंडोजवरून येणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच बनवलेलं आहे. त्यात चित्रं दाखवलेली असतात, हवा तो मुखवटा निवडायचा की पाटीची मांडणी बदलते. गंमत अशी, की झोरिनची अठरावी आवृत्ती त्यांनी नेमकी १४ ऑक्टोबर २०२५ लाच बाहेर काढली. शेजारणीचं दुकान बंद झालं त्याच दिवशी आपल्या दुकानाची पाटी लावावी, तसं!

आता घर कसं लावलं ते सांगते. आधी आईच्या जुन्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढला. भिंतीवरचं चित्र, म्हणजे वॉलपेपर, तिच्या नातवंडांचा होता, तोच घातला. कोणतं आयकॉन कुठे होतं ते फोटोत बघून तिथेच मांडलं: डावीकडे वर ‘कॉम्प्युटर’, खाली कचऱ्याची टोपली, मग ‘गट हिशेब’ नावाचा फोल्डर. खालची पट्टी विंडोजच्या पट्टीइतकी उंच केली. पट्टीवर उजवं बटण दाबलं की तिची सेटिंग निघतात. ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘थीम्स’ आहे, तिथे रंग आणि खिडक्यांची कड निवडता येते. ‘फॉन्ट सिलेक्शन’मध्ये अक्षरांचा आकार सव्वापट केला. ही सोय जुन्या विंडोजमध्येही होती, पण आईला कोणी कधी करून दिली नव्हती! तिचा चष्मा कपाळावरून खाली यायचं प्रमाण त्या दिवसापासून कमी झालं.

हिशेबाचं काम ती एक्सेलमध्ये करायची. लिनक्समध्ये ते नाही. त्याऐवजी ‘लिब्रेऑफिस’ येतं, २०१० साली सुरू झालेलं, हेही फुकट. त्याचा पहिला चेहरा जुनाट दिसतो. पण ‘व्ह्यू’मध्ये ‘यूजर इंटरफेस’ उघडून ‘टॅब्ड’ निवडलं की वर एक्सेलसारखी रुंद पट्टी येते. आणखी एक काम न विसरता करायचं: ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लोड-सेव्ह’ या वाटेने जाऊन फाइल कायम एक्सेलच्याच प्रकारात साठवायला सांगायची. नाहीतर बँकेत किंवा सी.ए.कडे पाठवलेली फाइल तिकडे नीट उघडत नाही आणि दोष आपल्या यंत्रावर येतो. कॅलिब्री हा अक्षरांचा फॉन्टही इथे नसतो. त्याच्या जागी ‘कार्लिटो’ आहे. त्यातलं प्रत्येक अक्षर कॅलिब्रीच्या अक्षराइतकंच रुंद ठेवलेलं आहे, त्यामुळे एका पानावर बसणारा तक्ता दुसऱ्या पानावर सांडत नाही. कोणीतरी बसून मापं घेऊन शिवलेलं आहे बाई हे, असं वाटलं मला.

एकाचा चेहरा दुसऱ्याने घेणं हे या धंद्यात नवं नाही. खिडक्या, चित्रं आणि माऊस यांवर चालणारी पाटी झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये विकायला आणली. ॲपलचा मॅकिन्टॉश आला १९८४ ला, विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ ला. ‘आमचं रूप चोरलं’ म्हणून १९८८ मध्ये ॲपलने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, तर १९८९ मध्ये झेरॉक्सने ॲपलवरच दावा लावला! दोन्ही दावे टिकले नाहीत. आपल्याकडे दोन जावा एकमेकींवर साडीच्या काठाची नक्कल केल्याचा आरोप करतात आणि मूळ साडी निघते सासूबाईंची, त्यातलाच प्रकार. आपल्याला सवयीचा असलेला ‘स्टार्ट’ आला तो १९९५ मध्ये. आणि ‘विंडोज ११’ने २०२१ मध्ये तोच डावीकडून उचलून मधोमध नेऊन बसवला. म्हणजे नवा लॅपटॉप घेणारीचीही यातून सुटका नाही. तिने ‘पर्सनलायझेशन’मध्ये ‘टास्कबार’ उघडून ‘अलाइनमेंट’ डावं केलं की तो परत जागेवर येतो. एवढ्या एका गोष्टीसाठी माझ्या ओळखीच्या दोघीजणी महिनाभर हैराण होत्या.

आपल्या सरकारनेही हीच युक्ती केली आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये आपल्या कॉम्प्युटरांसाठी ‘माया’ नावाची, उबुंटू लिनक्सवर आधारलेली प्रणाली आणायला घेतली. ती दिसायला विंडोजसारखी ठेवली, म्हणजे कर्मचाऱ्यांना बदल जड जाऊ नये. केरळात मात्र शाळांमधून मुलं पहिल्यापासून लिनक्सच शिकली, तेव्हा त्यांना कोणाचा मुखवटा लावायची गरजच पडली नाही.

आता येते ती खरी अडचणीची जागा, मराठीची. आईची जुनी नावं ‘कृतिदेव’ पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. हे जुने फॉन्ट म्हणजे एक सोंगच असतं. कॉम्प्युटरच्या पोटात साठतात इंग्रजी अक्षरं. फॉन्ट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो. नव्या यंत्रात तो फॉन्ट नसला की कपडे उतरतात, आणि ‘राम’च्या जागी ‘जे, के, ई’ अशी तीन इंग्रजी अक्षरं दिसू लागतात. पहिल्यांदा फाइल उघडली तेव्हा गटातल्या सगळ्या बायकांच्या नावांचा असा पालापाचोळा झालेला बघून आई मटकन खालीच बसली. हिशेब गेला, असंच तिला वाटलं. गेलं काहीच नव्हतं. पण हे आधी माहीत नसेल तर माणसाचा धीर सुटतो, म्हणून मुद्दाम सांगते.

यावर पक्का उपाय म्हणजे ती नावं ‘युनिकोड’मध्ये बदलून घेणं. मग ती कुठल्याही यंत्रात, अगदी मोबाइलवरसुद्धा, मराठीच दिसतात आणि शोधताही येतात. बदलून देणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे आणि रफार मागाहून. बदलताना नेमके हेच दोन घसरतात. ‘निर्मला’, ‘उर्मिला’, ‘शर्मिला’ ही नावं एकेक करून तपासावी लागली. आई वाचत गेली, मी प्रोसिडिंगच्या वहीशी ताडत गेले. एक दुपार गेली, पण नाव चुकलं तर उद्या कर्ज कोणाच्या नावावर, हा प्रश्न उभा राहतो.

टायपिंगसाठी लिनक्समध्ये ‘इन्स्क्रिप्ट’, ‘फोनेटिक’, ‘गमभन’ अशा मराठीच्या पद्धती असतात. ज्या पद्धतीला हात बसला असेल ती निवडावी. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट नसतो, त्याच्या जागी रेड हॅट कंपनीने सर्वांसाठी खुला केलेला ‘लोहित’ आहे, गूगलचा ‘नोटो’ आहे. सगळी पाटीच मराठीत करायची सोयही आहे. आम्ही ती केली नाही. काही शब्द भाषांतराविना इंग्रजीच राहतात आणि धड ना मराठी, धड ना इंग्रजी असं दिसतं. आईला ‘सेव्ह’ आणि ‘प्रिंट’ हेच शब्द ओळखीचे.

चेहरा जुळला तरी स्वभाव जुळत नाही, हे मात्र आईला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. इथे ‘सी ड्राइव्ह’, ‘डी ड्राइव्ह’ नसतात. सगळं सामान ‘होम’ नावाच्या एका खोलीत. इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर मोठं की लहान यावरून दोन निराळ्या फायली होतात. विंडोजचे प्रोग्रॅम सरळ चालत नाहीत, नवं काही हवं तर ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधूनच घ्यायचं. पाटीला कुलूप लावायला कंट्रोल, ऑल्ट आणि एल या तीन कळा एकदम दाबायच्या. ज्यांच्या घरी दुकानाचं काम ‘टॅली’वर चालतं, किंवा डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं यंत्र लावून सरकारी कामं होतात, त्यांनी या फंदात पडू नये, किंवा विंडोजही सोबत ठेवावं. चेहरा बघून टॅली फसत नाही.

आमचा एकच वाद झाला, भाच्याशी. तो हौशी. त्याने कुठूनतरी विंडोजचं चार खिडक्यांचं चिन्ह आणून मेनूच्या बटणावर लावलं, सुरू होतानाचं निळं चित्रसुद्धा घातलं, आणि मला म्हणाला, “आत्या, आजीला कळणारसुद्धा नाही!” आजीला कळणारच नाही, हेच मला पटेना. ती म्हणजे काही औषध गुळात घालून द्यायचं लहान मूल नव्हे. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट आहे. इंटरनेट बघताना मधेच पडदाभर पाटी येते, “तुमच्या विंडोजमध्ये व्हायरस शिरला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा.” ही पाटी खोटी असते, फोन केला की पलीकडचा माणूस आपल्याच हातून आपला कॉम्प्युटर उघडून घेतो आणि बँकेचं खातं साफ करतो. आपल्या घरात विंडोजच नाही हे जिला ठाऊक आहे ती हसून खिडकी बंद करील. जिला आपण हुबेहूब मुखवटा दाखवून फसवलं आहे ती घाबरून फोन लावील. बचत गटाचं खातं जिच्या हाती, तिच्या बाबतीत ही जोखीम मी घेणार नव्हते. (असा फोन झालाच, पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवायचं, हे घरातल्या सर्वांना पाठ हवं.)

तेव्हा जागा सगळ्या जुन्या ठेवल्या, पण खूण वेगळी केली. मिंटमध्ये मेनूवर उजवं बटण दाबून ‘कॉन्फिगर’मध्ये गेलं की आपल्या पसंतीचं चित्र आणि शब्द घालता येतो. आम्ही तुळशीच्या पानाचं चित्र लावलं आणि पुढे मराठीत ‘सुरू’ असं लिहिलं. हात सवयीने डाव्या कोपऱ्यातच जातो, डोळ्याला मात्र रोज दिसतं की हे विंडोज नव्हे. भाचा दोन तास फुगून बसला होता. मग त्यानेच त्या पानाचा हिरवा रंग जरा गडद केला.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्या मैत्रिणींनीही हे ध्यानात ठेवावं. वरचं रूप बघून पैसे मोजू नयेत. आत कोणती प्रणाली आहे हे ‘सिस्टिम इन्फो’ किंवा ‘अबाउट’ उघडून, नाव वाचून, दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावं.

या सारखेपणाचा मला झालेला फायदा निराळाच. दौंडला आईचं काही अडलं की मी शिरूरहून उठून जाऊ शकत नाही. शाळेचे तास असतात, आणि न्हावरा, चौफुला करत एस.टी.ने पोहोचायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. फोनवरच सांगावं लागतं. माझ्या घरच्या कॉम्प्युटरचीही मांडणी आता तशीच करून घेतली आहे. “आई, तुळशीचं पान दाब. त्यात वरून तिसरं.” तिच्यापुढे जे आहे तेच माझ्यापुढे असतं. पूर्वी “तुला काय दिसतंय ते सांग” यातच दहा मिनिटं जायची आणि दोघींचा आवाज चढायचा.

हे करून बघायचं असेल तर एकदम काही पुसू नका. मिंट आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करता येतो. आतल्या हार्डडिस्कला धक्का लागत नाही. थोडं संथ चालतं, पण वाय-फाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर आपल्या यंत्राला जुळतो की नाही ते कळतं. आमचा जुना प्रिंटर चटकन सापडला, स्कॅनर मात्र जुळवायला वेळ लागला. जिला वापरायचं आहे तिलाच समोर बसवावं आणि आपण मागे उभं राहावं. तिचा हात आपोआप कुठे जातो आणि कुठे अडखळतो ते बघून मगच एकेक वस्तू हलवावी. आईच्या बाबतीत घड्याळाखालची तारीख दिसत नव्हती एवढीच तक्रार निघाली. गटाची बैठक तारखेवर ठरते, तेव्हा ती आधी लावली.

गटाच्या दोन बैठका या नव्या कारभारावर झाल्या आहेत. तक्ते छापून निघाले, वहीशी जुळले. जुनी हार्डडिस्क आईने कापडी पिशवीत घालून, वर तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहे. मार्चअखेरचा ताळेबंद पैशापैशापर्यंत जुळू दे, मग तिचं काय करायचं ते बघू, म्हणते.